गोल्फ कार्टचा काटा फुल्ल, तरी चढावर गाडी बसते. बॅटरी नक्की तपासायची कशी?

आमराईवाली, दापोली

नमस्कार मंडळी. आमचा छोटा होमस्टे आहे. गेटपासून खोल्यांपर्यंत सगळा चढ, म्हणून दोन वर्षांपूर्वी एका रिसॉर्टची जुनी सहा सीटर गोल्फ कार्ट घेतली. पाहुणे, त्यांच्या बॅगा, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, सगळं तीच ओढते. ४८ व्होल्टची आहे, सीटखाली ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, पाणी घालायच्या.

सकाळी चार्जर काढला की काटा पार हिरव्यात. दुपारपर्यंत काही तक्रार नाही. चारच्या सुमारास पाहुणे यायला लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला चढावर काटा धाडकन लाल, गाडी मुंगीच्या चालीने. वर पाच मिनिटं उभी केली की काटा परत हिरव्यात, जणू काही झालंच नाही! परवा पाहुण्यांनी उतरून ढकलली आणि वर फोटोही काढले.

सासरे म्हणतात पाणी कमी असेल. मेकॅनिक म्हणतो आठही बदला. आठ बॅटऱ्यांचा भाव ऐकून मीच खाली बसले. घरच्या मल्टिमीटरने मोजलं तर चार्जर काढल्या काढल्या ५३.१ व्होल्ट आले. मग बॅटऱ्या चांगल्याच आहेत ना?

निवृत्त वीजतंत्री

ताई, तो ५३.१ विसरा. नुकत्याच चार्जरवरून काढलेल्या बॅटरीचं व्होल्टेज फुगलेलं असतं. सहा तास तरी गाडी नुसती उभी ठेवा, चार्जर नाही, दिवे नाहीत, आणि मग मोजा. लेड-ॲसिडचा ४८ चा संच पूर्ण भरलेला असेल तर तेव्हा साधारण ५०.९ दाखवतो. ४८.४ म्हणजे निम्मा. ४६.६ म्हणजे २० टक्के, पण तिथवर जाऊच देऊ नका. निम्म्याच्या खाली रोज उतरवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. बघा, भरलेली आणि निम्मी यांत फरक जेमतेम अडीच व्होल्टचा, आणि डॅशबोर्डचा काटा तो काय दाखवणार! चढावर मोटर करंट ओढते तेव्हा व्होल्टेज बसतं, थांबलात की उठतं. तुमचा काटा खोटं बोलत नाही, त्या क्षणाचं बोलतो.

पण मुख्य गोष्ट वेगळीच. एकूण व्होल्टेजवर निकाल देऊ नका. आठही बॅटऱ्या एकेक करून मोजा आणि कागदावर लिहा. मीटर डीसी २० वर ठेवा. २०० वर ठेवलात तर ६.३ एवढंच दिसेल, आणि सगळी गोम पुढच्या आकड्यात आहे. गाडीला रन-टो (चालवणे-ओढून नेणे) असा खटका असेल तर टोवर करा. आणि हातातल्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा. पाना किंवा बांगडी दोन टर्मिनलांना टेकली तर लाल होते, मी पाहिलंय.

नागपूरचा ई-रिक्षावाला

काकांनी बरोबर सांगितलं. फक्त एक करा, चढावर गाडी लोडवर असतानाही मोजा. सीट उचलून एकाने मीटर धरायचा, दुसऱ्याने हळू चालवायची, माणसं मागे बसवू नका. माझ्या रिक्षात चार बॅटऱ्या, उभ्या असताना चारही सारख्या दिसायच्या. लोड आला की एकच लोळायची. दुकानदार मात्र चारही विकायला बसला होता.

आमराईवाली, दापोली

आज मोजलं. रात्री लाइट दोनदा गेली, म्हणून चार्जिंग सकाळी दहापर्यंत ओढलं. मग संध्याकाळी पाचला, गाडी न हलवता:

६.३६, ६.३५, ६.३६, ६.३४, ६.३५, ६.३६, ६.१६, ६.१३

बेरीज ५०.४. एकूण बघून मी खूश झाले असते! चढावर, आमच्या ह्यांनी चालवताना, पहिल्या सहा ५.९ च्या आसपास आणि शेवटच्या दोन ५.१ आणि ४.८. शेवटच्या दोघी आजारी आहेत एवढं मलाही कळलं. पण दोघी एकदम, आणि शेजारी शेजारी?

निवृत्त वीजतंत्री

सातव्या-आठव्या बॅटरीवरून बारीक वायर कुठे जातेय का बघा. दोन सहा मिळून बारा होतात. दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टीम बाराची मिळते, आणि बसवणारा ४८ चे १२ करणाऱ्या कन्व्हर्टरचे पैसे वाचवायला त्या दोघींवरूनच लाइन काढतो.

आमराईवाली, दापोली

काका, तुम्ही सीटखाली बसला होतात का?! लाल-काळी वायर, टेप गुंडाळलेली, थेट म्युझिक सिस्टीमला आणि पुढच्या दिव्यांना. आधीच्या मालकाचं काम. आणि आमचे सासरे दिवसभर गाडीत बसून रेडिओ ऐकतात.

निवृत्त वीजतंत्री

मग उलगडा झाला. रेडिओ दोघींचं रक्त पितो, पण चार्जर आठही जणींना एकाच माळेत भरतो. माळेचं एकूण व्होल्टेज ठरलेल्या आकड्याला पोचलं की तो हात आखडतो. सहा भरलेल्या असतात, दोन रोज थोड्या उपाशी राहतात. महिनोन्महिने असं चाललं की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि बॅटरीची ताकद घटते.

आता ती वायर काढा आणि ४८ वरून १२ करणारा डीसी कन्व्हर्टर पूर्ण संचावर, फ्यूज घालून लावा. त्या दोघींना माळेतून सोडवून १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगळं भरा, उघड्या हवेत, आसपास उदबत्तीही नको, कारण भरत आल्या की हायड्रोजन निघतो. मग हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, घ्या. १२६५-१२८० म्हणजे भरलेला, ११७० म्हणजे निम्मा. व्होल्टमीटरला तीन सेलची बेरीज दिसते, हायड्रोमीटरला एकेक सेल दिसतो. पाणी डिस्टिल्डच, आणि चार्जिंगनंतर घाला. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, त्याही बुडतील इतकंच. आधी काठोकाठ भरलंत तर ॲसिड उतू जाऊन ट्रे खातं.

फ्लोरिडाहून

इथे मुलाच्या कॉलनीत घरोघरी कार्ट आहेत, बऱ्याच जणांनी लिथियम घातलंय. ताई, कोणी तुम्हाला लिथियम विकलं तर हा व्होल्टचा तक्ता त्याला लावू नका. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतं. तिथे आत गेलेला-बाहेर आलेला करंट मोजणारा शंटचा मीटरच लागतो.

आमराईवाली, दापोली

आठवड्याने लिहितेय. दोघींना रात्रभर वेगळं भरलं. सातवीचे तिन्ही सेल १२६० च्या वर आले. आठवीचे दोन १२५५, मधला ११४० वर अडलाय. दुसऱ्यांदा भरूनही हलला नाही. टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी होती, ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन व्हॅसलिन लावलं (सेलची झाकणं घट्ट लावून, पाणी आत जाऊ न देता). आता सहाव्या फेरीपर्यंत गाडी चढते.

आठवी एकटीच बदलू का?

निवृत्त वीजतंत्री

बदला, पण कोरी नको. जुन्यांत कोरी घातली की तीही त्यांच्याच वयाची होऊन बसते. तुमच्याइतकीच वापरलेली, त्याच क्षमतेची ६ व्होल्टची शोधा, ग्रॅव्हिटी स्वतः मोजून घ्या.

आमराईवाली, दापोली

आधीच्या रिसॉर्टलाच फोन लावते, त्यांच्याकडे अशाच अजून दोन गाड्या होत्या. कन्व्हर्टर येईपर्यंत सासऱ्यांना सेलवरचा ट्रान्झिस्टर दिलाय, गाल फुगवून बसलेत.