मणिपूरच्या छावण्यांतल्या मुलींसाठी पाळीचं सामान: काय घ्यावं, कसं पाठवावं?

शाहूपुरी_मंडळ:
नमस्कार. ३ मे २०२३ ला मणिपूर पेटलं आणि हजारो कुटुंबं छावण्यांत आली. कितीतरी मुली तिथंच वयात आल्या. वर्गणीतून उरलेल्या पैशांत ५० मुलींना तीन महिने पुरेल एवढं सामान द्यायचं ठरलंय. पॅड घ्यावेत की कापड? आणि पोचवायचं कसं?

करवीर_आरोग्य:
आधी छावणीतल्या बायकांना विचारून घ्या: पाणी किती मिळतं आणि कापड वाळवायला आडोसा आहे का? दोन्ही नसेल तर पॅडच. मदतकार्यातलं मान्य प्रमाण मुलीमागं महिन्याला १५ पॅड आणि नेहमीपेक्षा २५० ग्रॅम जादा साबण. म्हणजे तुम्हाला २,२५० पॅड आणि साडेसदतीस किलो साबण लागेल. निकर वर्षाला सहा धरतात, त्या एकदमच द्या. बहुतेक जण निकर विसरतात, मग पॅड लावायचा कशाला? मापं तीन-चार ठेवा, दहा वर्षांच्या मुलीला आईचं माप कसं चालेल?

पॅड देणार असाल तर वापरलेले टाकायला झाकणाचा डबा आणि ते जाळायची किंवा पुरायची सोय हवी. नाहीतर ते संडासात जातात आणि संडास तुंबतो.

इचल_यंत्रमाग:
कापड ठरलं तर मुलीमागं वर्षाला चार चौरस मीटर. मागावरून उतरलेलं कोरं कापड उचलू नका. त्यात खळ असते, ते पाणी शोषत नाही. खळ काढलेलं, धुतलेलं सुतीच मागा आणि दुकानातच थेंब टाकून बघा. सोबत दोरी, चिमटे, झाकणाची बादली. डाग आधी गार पाण्यात काढायचा, गरम पाण्यात रक्त पक्कं बसतं. तिकडं जून ते सप्टेंबर पाऊस असतो. कापड दमट राहिलं तर खाज आणि जंतुसंसर्ग होतो, म्हणून पावसाळ्यात पॅड बरे.

वाहतूक_कागल:
संघर्ष मैतेई आणि कुकी या दोन समाजांत आहे, एकाच ट्रकनं दोन्हीकडच्या छावण्यांना माल देता येईल असं धरू नका. चालक कुठल्या समाजाचा, यावरही रस्ता अडतो. मैतेईंच्या इंफाळ खोऱ्यासाठी आसामातल्या सिलचरहून जिरीबामचा रस्ता बघा, कुकींच्या चुराचांदपूरसाठी मिझोराममधल्या ऐझॉलकडून. निघायच्या दिवशी रस्ता खुला आहे का ते तिथल्या संस्थेला विचारा. बादल्या, साबण असलं जड सामान सिलचर किंवा ऐझॉललाच घ्या, भाड्यात पैसे घालवू नका. आणि दोन्ही बाजूंच्या मुलींना सारखंच द्या.

शाहूपुरी_मंडळ:
वाटप घरटी एक संच असं करावं का?

करवीर_आरोग्य:
नको. घरटी दिलं की आई आणि दोन मुली एकाच पाकिटावर भागवतात आणि धाकटीच्या वाट्याला काहीच येत नाही. यादी मुलींच्या नावानं करा, ज्यांची पाळी अजून आली नाही त्यांनाही धरा. पिशवी आतलं न दिसणारी हवी, वाटप बायकांनीच करावं. भोंगा नको, फोटो नको. पैसे उरले तर बॅटरी द्या. रात्री संडासला जाताना अंधाराची धास्ती असते, त्यामुळं मुली संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. संडास ५० मीटरच्या आत आणि आतून कडी असलेला हवा, तेवढं संस्थेला बघायला सांगा.

वाटताना एखादी अत्याचाराचं बोलली तर खोदून विचारू नका, चारचौघांत तर नाहीच. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकाला फोन करा आणि तिच्याजवळ तिच्या भाषेत बोलणारी बाई बसवा.