शेवटच्या खोलीपर्यंत वायफाय: ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

हॉलमधला डबा (धागाकर्ता)

आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटांत एकच गोष्ट घडते. फायबर मुख्य दारावरून आत येतं, पहिला रिकामा प्लग पॉइंट दिसतो तिथे राउटर बसतो, म्हणजे हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे. आणि घरून काम करणारा माणूस बसतो अगदी आतल्या बेडरूममध्ये, मध्ये दोन बाथरूम नि एक कपाट. आतल्या खोलीत, वरच्या मजल्यावर किंवा समोरच्या विंगमध्ये नेट बिनतारी कसं नेलं, ते इथे लिहा. विनंती एवढीच की कोणाला किती फोन केले नि किती दिवस वाट पाहिली ते नको. बांधकाम कसलं, मध्ये भिंती किती, डबा नेमका कुठे ठेवला, सेटिंग काय केलं आणि कुठे फसतं, तेवढं पुरे.

आणि रेंज कृपया "दोन दांड्या" अशी सांगू नका, डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) सांगा. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारातलं कुठलंही फुकट ॲप चालतं. आयफोनवर एअरपोर्ट युटिलिटी ॲप घ्यायचं आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्याचा वायफाय स्कॅनर चालू करायचा. आकडा उणे असतो, शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला. उणे ५० म्हणजे झकास. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या खाली मेसेज जातात पण कॉलमध्ये आवाज तुटतो, आणि उणे ८५ ला नेटवर्कचं नुसतं नाव दिसतं. मोजताना फोन टेबलाच्या उंचीवर धरा आणि दार बंद करा. रात्री दार बंदच असणार आहे.

मिवानवासी, घोडबंदर रोड

आधी भिंत ओळखा. इकडच्या नव्या टॉवरांत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं बांधकाम असतं, ज्याला सगळे मिवान म्हणतात. त्यात विटा नसतातच. आतल्या पार्टिशनच्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, आत सळ्यांची जाळी. ओळखायची खूण सोपी: साधा खिळा ठोकला तर वाकतो, हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही. राउटर दोन पट्ट्यांवर (बँडवर) बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशी एक भिंत कसाबसा ओलांडतो, दोन भिंतींनंतर तो धरून चालू नका. २.४ गिगाहर्ट्झ थोडा जास्त आत पोचतो, पण त्याची गत पुढे कोणीतरी लिहीलच.

सगळ्यात जास्त केली जाणारी चूक म्हणजे जिथे रेंज नाही त्याच खोलीत रिपीटर लावणं. रिपीटर नेट तयार करत नाही, ऐकलेलं पुन्हा बोलतो. त्यालाच उणे ८० ऐकू येत असेल तर फोनवर दांड्या पूर्ण दिसतील आणि पान मात्र उघडणार नाही. त्याची जागा अशी हवी की तिथे मुख्य राउटरची रेंज उणे ६० ते ६५ असेल, आणि तिथून आतल्या खोलीत पोचताना एकच भिंत किंवा एखादं दार मध्ये येईल. फ्लश डोअरचं लाकूड सिग्नल फारसं खात नाही, काँक्रीट खातं. म्हणून या फ्लॅटांत सिग्नल पॅसेजमधून, दारादारांतून चालत जातो असं समजून जागा शोधा. पॅसेजमध्ये प्लग पॉइंट नसेल (बहुधा नसतोच), तर मधल्या बेडरूमचा दाराजवळचा पॉइंट घ्या. स्विचबोर्ड जमिनीलगत, पलंगामागे असेल तर छोटी एक्स्टेन्शन घेऊन रिपीटर चार-पाच फूट उंच आणा. आरसा लावलेला वॉर्डरोब, लोखंडी कपाट आणि फिश टँक या तिन्हींच्या मागे ठेवू नका.

जोडणी करताना रिपीटर पहिल्यांदा राउटरच्या शेजारीच चालू करा. डब्लूपीएस बटण (पासवर्ड न टाकता जोडायचं) दोन्हीकडे दोन मिनिटांच्या आत दाबलं की जोडला जातो; नव्या राउटरवर डब्लूपीए३ ही नवी सुरक्षा असेल तर डब्लूपीएस चालत नाही, मग ॲपमधून पासवर्ड टाकून जोडा. दिवा स्थिर झाला की काढून ठरलेल्या जागी न्या. सेटिंग त्यात टिकून राहतं.

गणितवाला, ऐरोली

खोक्यावर १२०० लिहिलेलं असतं, त्यावर एक शब्द. तो २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची गोळाबेरीज करून वर थोडं ओढून केलेला आकडा आहे. एकाच वेळी एका फोनला त्यातलं एकच मिळतं, तेही कागदावर. ८६७ ची जोडणी त्याच खोलीत असली तरी हाती ५०० ते ६०० एमबीपीएस पडतात. त्यात रिपीटरचा एकच रेडिओ राउटरचं ऐकायला आणि तुमच्याशी बोलायला वापरला जात असेल तर ते निम्मं होतं, कारण एका चॅनेलवर (पट्ट्यातल्या एका तुकड्यावर) एका वेळी एकच जण बोलू शकतो.

यावर उपाय आहे. ड्युअल बँड रिपीटरमध्ये राउटरकडचा दुवा ५ गिगाहर्ट्झवर आणि खोलीतली उपकरणं २.४ वर, किंवा उलट, असं ठरवून देता येतं. काही कंपन्या याला हाय स्पीड मोड म्हणतात. स्वस्तातल्या नुसत्या २.४ वाल्या रिपीटरला ही सोयच नाही, तो घेऊच नये. आणि विकत घेण्याआधी त्याचं लॅन पोर्ट (वायर लावायची जागा) १०० एमबीपीएसचं आहे की गिगाबिट, म्हणजे १००० चं, ते बघा. "१२००" लिहिलेल्या कित्येक डब्यांचं पोर्ट १०० चंच असतं, म्हणजे लॅपटॉपला वायर लावून ९५ च्या आसपास अडकाल.

सिडकोची पोर, कोपरखैरणे

आमच्याकडे फ्लॅट नाही, रो हाऊस. अंतर आडवं नसून उभं. विटांच्या भिंती सिग्नलला फार नडत नाहीत, नडतो तो स्लॅब.

राउटरच्या उभ्या अँटेनामधून लहरी आजूबाजूला आडव्या पसरतात, टोकाच्या दिशेने, म्हणजे वर, फार कमी जातात. दोन-चार अँटेना असतील तर त्यातली एक जमिनीला समांतर आडवी करा. फुकटचा उपाय आहे, आधी हाच करून बघा. अँटेना आत असलेला गुळगुळीत डबा असेल तर तो भिंतीवर टांगण्यासाठी बनवलाय की टेबलावर ठेवण्यासाठी, ते माहितीपत्रकात बघा आणि तसाच ठेवा.

दुसरी गोष्ट जिना. जिन्याच्या पोकळीत स्लॅब नसतो, त्यामुळे वर जाणारा सिग्नल बहुतेक तिथूनच जातो. रिपीटर किंवा मेशचा (एकाच नावाने मिळून चालणाऱ्या डब्यांच्या सेटचा) दुसरा डबा जिन्याच्या वळणावरच्या चौकात, दोन्ही मजल्यांना दिसेल असा लावला तर खालचा दुवाही पक्का राहतो आणि वरच्या दोन्ही खोल्याही मिळतात. तिथे पॉइंट काढायला वायरमनला केसिंग पट्टीतून आठ-दहा फूट वायर ओढावी लागते, तेवढाच खर्च.

तांब्याची तार, वाशी

विषय बिनतारीचा आहे हे मान्य, तरी विरोधी मत नोंदवतो. दोन डब्यांमधला दुवा तारेचा करा आणि शेवटचे दहा फूट बिनतारी ठेवा. खोलीत फोन वापरणाऱ्याला ती तार दिसतही नाही. जुना राउटर पडून असेल तर एक रुपयाही न घालता त्याचा ॲक्सेस पॉइंट (तारेने आलेलं नेट वायफायवर देणारा डबा) होतो:

१. जुना राउटर रिसेट करून लॅपटॉपला वायरने जोडा. मेनूत ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, पुढच्या दोन पायऱ्या वाचतात.
२. तो मोड नसेल तर राउटरचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. दोघांचा पत्ता एकच राहिला तर अख्ख्या घराचं नेट येत-जात राहतं आणि कारण सापडत नाही.
३. जुन्याचं डीएचसीपी बंद करा. पत्ते वाटणारा घरात एकच हवा.
४. मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून आलेली तार जुन्याच्या लॅन पोर्टमध्येच घाला, वॅन पोर्टमध्ये (जिथे एरवी इंटरनेटची तार लागते) नको.
५. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवा. चॅनेल मात्र वेगळा.

तार कॅट ६, शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार सर्रास त्याच नावाने मिळते. चाकूने कातडी खरवडून बघा, आत पांढरं निघालं तर परत करा. ती वळणावर मोडते आणि १००० ची जोडणी १०० वर येते. १०० ला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. त्यामुळे उरलेल्या चारांतली एक तार तुटली तरी नेट चालू राहतं, फक्त हळू होतं आणि दोष इंटरनेट कंपनीवर जातो. जुन्या टेलिफोनच्या किंवा डिशच्या कन्सील पाइपातून तार ओढता येते का ते आधी तपासा. जुनी वायर नव्या तारेला टेपने बांधून ओढली की भिंत फोडावी लागत नाही.

मिवानवासी, घोडबंदर रोड

तार साहेब, तुमचं खरं आहे, पण भाड्याच्या घरात मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही. आणि मिवानमध्ये पाइप कुठे वळलेत ते बिल्डरलाच माहीत.

खाडीकिनारी, नेरुळ

मेशबद्दल. मेश म्हणजे जादू नाही. दोन डब्यांमधला दुवा बिनतारीच असेल तर जागेचा वर मिवानवासी यांनी सांगितलेला नियम तसाच लागू होतो. फायदा फिरताना होतो: ८०२.११ के, व्ही, आर ही तीन मानकं डब्यांत आणि फोनमध्ये असली की फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर पटकन सरकतो. साध्या रिपीटरवर फोन जुन्याच डब्याला चिकटून बसतो. आतल्या खोलीत आलात, शेजारी रिपीटर आहे, तरी फोन हॉलमधलाच उणे ७८ धरून ठेवतो. यावर एक उलटा वाटणारा उपाय: मुख्य राउटरची ट्रान्समिट पॉवर हाय वरून मीडियमवर आणा. मग फोन वेळेवर सोडतो.

२ बीएचकेला दोन डबे पुरतात. तीनचा सेट स्वस्त मिळतो म्हणून तिसरा लावू नका. एकमेकांच्या अंगावर बोलणारे तीन डबे दोनपेक्षा वाईट चालतात.

कंपनीचा राउटर आणि तुमचा मेश दोघेही पत्ते वाटू लागले की दुहेरी नॅट होतं, म्हणजे पत्त्यांचं भाषांतर दोनदा होतं. साधं ब्राउझिंग चालतं, पण ऑफिसचं व्हीपीएन, गेमिंग आणि हॉलमधल्या टीव्हीवर कास्ट करणं यात अडचण येते. एकतर मेशला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, नाहीतर कंपनीकडून त्यांचा डबा ब्रिज मोडवर (नेट नुसतं पुढे पाठवणारा) करून घ्या. ब्रिज करणार असाल तर पीपीपीओईचं (कंपनीच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (कंपनीच्या लाइनची खूण) आधी मागून घ्या. नंतर मागितला तर नेट बंद अवस्थेत मागत बसाल. आणि कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करायला विसरू नका.

सिडकोची पोर, कोपरखैरणे

एक राहिलं. गीझरचा स्मार्ट प्लग, दाराचा कॅमेरा, असली उपकरणं बहुतेक फक्त २.४ वर चालतात. दोन्ही बँडना एकच नाव दिलं तर जोडताना अडतात. तात्पुरतं ५ बंद करा, उपकरण जोडा, मग चालू करा.

शेजारचं नेटवर्क, खारघर

२.४ ची गत मी सांगतो. टॉवरमध्ये ॲनालायझर उघडला की वीस-पंचवीस नावं सहज दिसतात, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मधला ३ किंवा ८ रिकामा दिसतो म्हणून घेऊ नका, दोन्हीकडचा गोंगाट ऐकाल. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० केली की अर्धा पट्टा तुम्हीच व्यापता. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात बडबडतो, म्हणून रिपीटर स्वयंपाकघराच्या भिंतीवर नको.

५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ घ्या. ५२ ते १४४ हे चॅनेल रिकामे असतात खरे, पण रडार ऐकू आलं की राउटरला ते सोडावे लागतात. चालू होतानाही तो किमान मिनिटभर नुसता ऐकत बसतो. शिवाय कित्येक रिपीटर आणि टीव्ही हे चॅनेल पाहतच नाहीत. "राउटरचं ५ जी नावच दिसत नाही" या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

गच्चीवाला, कोलशेत

एकाच सोसायटीत ए विंगला घर आणि सी विंगला आईवडिलांचं घर, असं असेल तर रिपीटर विसरा. ५ गिगाहर्ट्झच्या बाहेर लावायच्या दिशादर्शक डिशची जोडी लागते, एक ॲक्सेस पॉइंट मोडवर, दुसरी स्टेशन किंवा क्लायंट मोडवर. २०१८ पासून आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे परवान्याविना खुले आहेत, मात्र डब्याच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडा म्हणजे शक्तीची मर्यादा आपोआप पाळली जाते. गच्चीवर खांब लावायला सोसायटीचं पत्र घ्या.

नजरेची रेघ मोकळी हवी, आणि नुसती रेघ पुरत नाही. १०० मीटर अंतराला बरोबर मध्यावर रेघेभोवती सुमारे सव्वा मीटर त्रिज्येचा फुगवटा असतो, त्यातला निदान ६० टक्के भाग रिकामा हवा. आपल्याकडे गच्चीवर पावसाळ्यासाठी पत्र्याची शेड असते, तिची कड याच फुगवट्यात घुसते. खांब शेडच्या वर काढा. या अंतरावर पावसाने सिग्नल फारसा पडत नाही, ओल्या झाडाने पडतो. एप्रिलमध्ये बसवताना मधलं झाड पावसाळ्यात किती फुटेल ते बघा.

रोख लावताना आधी दोन्ही टोकं डोळ्याने जुळवा, मग एक टोक घट्ट करून दुसरं थोडं-थोडं फिरवत आकडा बघा, कमाल मिळाली की नट आवळा. उणे ५० ते ६० मिळाला पाहिजे. खाली येणाऱ्या तारेला डब्यात शिरण्याआधी एक वेढा खाली झुकलेला द्या, म्हणजे पाणी तिथून गळतं, कनेक्टरमध्ये जात नाही. खाडीकडच्या इमारतीत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. सिलिकॉन ग्रीस आणि रबरी टोपी दोन्ही वापरा. वीजपुरवठा याच तारेतून जातो, तो अडॅप्टर त्याच डिशचा हवा. २४ व्होल्टच्या डिशला ४८ चा लावलात तर डिश गेली.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात कडकडाट सुरू होण्याआधीच घरातल्या टोकाची तार काढून ठेवा.

हॉलमधला डबा (धागाकर्ता)

वीज गेल्यावरचं कोणी लिहिलं नाही. राउटर इन्व्हर्टरवर असतो आणि पॅसेजमधला रिपीटर नसतो, मग हॉलमध्ये नेट आणि आत अंधार.

गणितवाला, ऐरोली

राउटरचा छोटा यूपीएस दोन्हीकडे लावता येतो, पण भिंतीत थेट खोचायच्या रिपीटरला नाही, कारण त्याला पिनचा अडॅप्टरच नसतो. म्हणून विकत घेतानाच वेगळा अडॅप्टर असलेला डबा घ्या. अडॅप्टरवर १२ व्होल्ट २ ॲम्पियर की ९ व्होल्ट ते वाचा, यूपीएसचं व्होल्ट तेच हवं, ॲम्पियर तेवढे किंवा जास्त.