मदत हवी आहे: अंबडमध्ये दुपारी मागवता येईल असं, चारपर्यंत टिकणारं शाकाहारी जेवण

नमस्कार मंडळी,

आमच्या कंपनीचं कँटीन बंद झालं. त्यानंतर ज्या मावशी डबा द्यायच्या, त्या लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या आणि आता डबे करणार नाही म्हणून निरोप आला. गेले दोन महिने दुपारचं जेवण ॲपवरून मागवतेय. मी नाशिकरोडहून सकाळी सात वीसला निघते, घरी सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे 'घरचा डबा न्या' हा सल्ला सोडून बाकी काहीही चालेल. (तो सल्ला नवऱ्याकडून रोज मिळतो. स्वतःचा डबा तो स्वतः भरत नाही ही गोष्ट वेगळी.)

अडचण अशी की पोट भरतं, पण टिकत नाही. एकला जेवते, तीनला जांभया आणि चारला पाय आपोआप टपरीकडे. तिथे गरम पाववडा समोर असतो, म्हणजे संपलंच.

परवा एका ठिकाणहून पनीर हंडी मागवली. झाकण काढलं तर वर लाल तेलाचा तवंग. चमच्याने ढवळून पनीर मोजलं: सुपारीएवढे पाच तुकडे. बाकी सगळी काजू-मगजाची ग्रेव्ही. दोन रोट्या फॉइलमध्ये घामेजून एकमेकींना चिकटलेल्या, सोडवताना फाटल्या. थाळी मागवली तर बटाटा, ढीगभर भात, वरणात डाळ शोधायची, आणि मन राखायला एक गुलाबजाम. एक दिवस शहाणपण करून नुसतं सॅलड मागवलं. काकडी, गाजर, कोबी. साडेतीनलाच टपरी गाठली.

अंडं चालत नाही. बजेट दीडशेच्या आत, जेवायला अर्धा तास, मायक्रोवेव्ह आहे पण त्याला रांग असते. सोमवारी उपास. खुर्चीवर बसून काम आहे, त्यामुळे अगदी जड पण नको. तुम्ही काय मागवता, आणि मागवताना काय सांगता?

लसूणचटणी:
ताई, सिडकोत आम्ही खानदेशी माणसं एवढी असताना तुम्ही पनीर हंडी कशाला मागवता? घरगुती पोळी-भाजी केंद्रात पिठलं-भाकरी विचारा. वाटीभर पिठलं, दोन ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा. पिठलं म्हणजे निव्वळ डाळीचं पीठ, पोटात बसून राहतं. आणि भाकरी फॉइलमध्ये बांधू नका म्हणून फोन करून सांगायचं. कागदात गुंडाळली की घाम धरत नाही. ॲपवरच्या सूचनेच्या रकान्यात लिहिलेलं कोणी वाचत नाही, फोनच करा. शेवभाजी मात्र दुपारी नको. तो रस्सा खाऊन ऑफिसात बसणं म्हणजे शिक्षा.

तीनचा चहा:
तुमच्या थाळीत प्रथिनं कमी पडतात, दुखणं तिथेच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीत प्रौढांसाठी वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. म्हणजे 60 किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम. एका पोळीतून तीनेक ग्रॅम मिळतात, पातळ वरणातून जवळपास काहीच नाही, बटाट्यातून तर सोडाच. उलट सुक्या मुगात शंभर ग्रॅमला 24च्या आसपास, हरभऱ्यात 20च्या आसपास. पनीरमध्येही 18च्या आसपास असतात, पण पाच सुपाऱ्यांत किती येणार?

मी थाळी कधीच घेत नाही, सुटं मागवतो. एक उसळ, दोन पोळ्या, एक वाटी दही. भात नाही. उसळ नसेल तर छोले किंवा राजमा, भटुरा वगळून. थाळीतला भात बंद केला तेव्हापासून तीनच्या जांभया गेल्या. नाव मात्र अजून तेच ठेवलंय.

गोदाकाठचा:
नाशिकमध्ये राहून कोणीच मिसळ कशी सुचवली नाही? पार्सल घेताना फरसाण वेगळं, रस्सा वेगळा आणि मटकी दुप्पट सांगायची. पाव एकच. सोबत दही असतंच. मटकी मोडाची असते, मोड आले की प्रथिनं दुप्पट होतात.

तीनचा चहा:
गोदाकाठचे भाऊ, दुप्पट वगैरे होत नाहीत. मोड आल्याने पचायला सोपं जातं एवढंच. ओल्या मटकीत पाणी असल्यामुळे वाटीभर मोडांत उलट कमीच भरतात. बाकी मटकी दुप्पट घ्यायच्या कल्पनेला माझं अनुमोदन.

गोदाकाठचा:
बरं, माघार. मिसळ मागे घेत नाही.

वारीची पिशवी:
सोमवारचं कोणी बोललं नाही. साबुदाण्याची खिचडी मागवत असाल तर ती बंद करा. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, वर तूप. भगर आणि दाण्याची आमटी घ्या. भगरीच्या गिरण्या आपल्याच नाशकात, आणि आपण उपासाला साबुदाणा मागवतो! आमटी घट्ट हवी म्हणून सांगा, दाणे असतील तर पोटाला आधार राहतो. सोबत ताक.

आणि ड्रॉवरमध्ये भाजलेले फुटाणे ठेवा, दुपारी चारसाठी. टपरी कुठे पळून जात नाही, तुमची भूक थोडी पळेल.

धागाकर्ती:
सगळ्यांना धन्यवाद. आठवडाभर करून बघितलं, म्हणून लिहितेय.

पिठलं-भाकरी पहिल्याच दिवशी जमली. पण पिठलं गार झाल्यावर वडी पडली. मायक्रोवेव्हच्या रांगेत उभी राहिले, अर्ध्या तासातली दहा मिनिटं तिथेच गेली. आता पातळसर द्या म्हणून सांगते. भाकरी कागदात आली, मऊ होती. मिसळ बुधवारी. दुप्पट मटकीचे वीस रुपये जास्त घेतले, पण साडेपाचपर्यंत काही लागलं नाही. छोले मागवले त्यात सोडा एवढा होता की दिवसभर पाणी पीत बसले. त्या दुकानाला आता रामराम.

सोमवारी भगर मागवली. आमटी इतकी पातळ आली की भगर तिच्यात पोहत होती. पुढच्या सोमवारी फोन करीन.

एकच विचारायचं राहिलं. अंबड किंवा पाथर्डी फाट्याजवळ कोणी घरून फक्त उसळ आणि घट्ट वरण देतं का, पोळ्यांशिवाय? पोळ्या शेजारच्या केंद्रातून घेता येतात. आम्ही चौघी जणी आहोत, रोज घेऊ. माहिती असेल तर इथेच लिहा, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.