मठ, दर्गा की तकिया?

भाषांतरी: इस्तंबूलच्या गलाता मेव्हलेवीखान्यावरचा लेख मराठीत आणतेय. १४९१ साली इस्कंदर पाशाच्या शिकारीच्या जागेवर उभी राहिलेली ही मेव्हलेवी दर्वेशांची, म्हणजे रूमीच्या परंपरेतल्या सूफी साधकांची वास्तू. तुर्कीत अशा जागेला 'तेक्के' म्हणतात, 'दर्गाह'सुद्धा. मी 'मठ' लिहिलं, संपादकांनी 'दर्गा' केलं. आपल्याला दर्गा म्हटलं की कबर दिसते. इथे माणसं राहायची, शिकायची, समा (संगीतावर गोल फिरण्याची साधना) करायची. काय लिहू?

गोदाकाठ: 'तकिया' लिहा, तेक्के हा तोच शब्द. आमच्या परभणीकडे गावाबाहेर फकिराचा तकिया होता. चिंचेखाली ओटा, वर चार पत्रे. लोड-तक्क्या आणि फकिराचा तकिया यांत आजीचा कधी घोळ झाला नाही.

शुद्धमराठी: मठ असताना तकिया कशाला? आणि तकिया तरी परका कुठे? टेकणे, टेकू, तक्या. उघड आहे.

गोदाकाठ: नाही हो. अरबीतून फारसीत, तिथून आपल्याकडे. रेलायची जागा हा मूळ अर्थ. टेकण्याशी जुळतो हा योगायोग.

वाचनवेडा: मठाला माझी हरकत वेगळी आहे. मठ म्हटलं की संन्यासी आले, मेव्हलेवी दर्वेशांना तर लग्नाची मुभा होती. तिथलं खरं शिक्षण मुदपाकखान्यात व्हायचं. नवख्याला आधी तीन दिवस दाराजवळ मेंढीच्या कातड्यावर बसवत. गप्प बसून नुसतं बघायचं. टिकला तर १००१ दिवस सेवा: झाडलोट, बाजारहाट, भांडी. याला ते 'चिले' म्हणतात. आपला चिल्ला तोच, फक्त चाळीस दिवसांचा.

पाटीपेन्सिल: 'दर्वेश' का लिहिलंत? मराठीत 'दरवेशी' आहे ना.

शुद्धमराठी: दरवेशी म्हणजे अस्वलवाला! शेख गालिब १७९१ पासून या जागेचा शेख, म्हणजे प्रमुख होता, तुर्की 'दिवाण' कवितेतला, म्हणजे ऑटोमन काळच्या अभिजात कवितेतला एवढा मोठा कवी. त्याला दरवेशी म्हणणार?

पाटीपेन्सिल: म्हणणार. शब्दाचा मान घसरला असेल तर तो वापरूनच परत मिळेल. दर वेळी नवा उसना कशाला आणायचा?

भाषांतरी: १९२५ साली तुर्कस्तानात सगळे तेक्के कायद्याने बंद झाले, ते वाक्य संध्याकाळी छपाईला जातंय. 'सगळे दर्गे बंद झाले' छापलं तर अर्थच फिरेल. कृपा करून एक शब्द सांगा.

वाचनवेडा: मुळाबरहुकूम 'तेक्के' ठेवा, पहिल्यांदा खुलासा द्या.

गोदाकाठ: तकिया असताना? अजिबात नको.

पाटीपेन्सिल: दरवेशी आमच्या गल्लीत यायचा तेव्हा बाया त्याच्याकडून अस्वलाचा केस मागून घेत, पोरांच्या ताईतात घालायला. ही चाल आणखी कुठे होती?