मदत हवी आहे : राष्ट्रीय वाहिनीच्या कॅसेटी वाचवायच्या आहेत

नमस्कार मंडळी. बाबांनी नागपूरच्या महाल भागातल्या घरी रात्र-रात्र जागून रेडिओवरून टेप केलेल्या अकरा कॅसेटी सापडल्या. दोघींना बुरशी लागलीय, एकीची फीत चिकटते.

आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १८ मे १९८८ला सुरू झाली. कार्यक्रम दिल्लीचे, पण रात्रभर ते दूरवर पोचायचे आपल्या नागपूरच्या १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून, १५६६ किलोहर्ट्झवर! रात्री मीडियम वेव्ह आकाशातून परतून लांब जाते, त्यात आपण देशाच्या मधोमध. जानेवारी २०१९मध्ये वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. बाबा तेव्हा फार हळहळले होते.

नागपुरात फीत साफ करून डिजिटल करून देणारं खात्रीचं कुणी आहे का? सीताबर्डीत दोन ठिकाणी नाही म्हणाले. कुणाकडे चालू टेप-डेक असेल तरी सांगा, मी कॅसेटी घेऊन येईन.