गीझरचा प्लग लावला की ईएलसीबी पडतो. कॉइल बदलावी की गीझरच? मदत हवी आहे

नमस्कार. वाघोलीतल्या आमच्या घरी २५ लिटरचा, २००० वॅटचा उभा गीझर आहे. तो घेऊन सहा वर्षे होत आली असून टाकीची वॉरंटी संपलेली आहे. दोन मेकॅनिक येऊन पाहून गेले, दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि त्यांतल्या एकाचा सल्ला मला सरळ धोक्याचा वाटतो, म्हणून सगळे तपशिलाने लिहीत आहे. गीझर ज्या न्हाणीघरात आहे ते माझी ८२ वर्षांची आई वापरते, त्यामुळे अंदाजाने काही करून पाहण्याची माझी तयारी नाही.

सुरुवात आवाजाने झाली. पाणी तापू लागले की आतून लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज येऊ लागला. मग लक्षात आले की पूर्वी अर्ध्या-पाऊण तासाने विझणारा दिवा आता पंधराव्या मिनिटालाच विझतो आणि बादलीत येते ते जेमतेम कोमट पाणी. थर्मोस्टॅटचा काटा कोणी हलवलेला नाही.

त्यानंतर ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा मुख्य पेटीतला स्विच, पडायला लागला. पहिल्या आठवड्यात गीझर चालू करून आठ-दहा मिनिटे झाली की पडायचा. आता मात्र गीझरचे बटण बंद असतानाही, दुसऱ्या खोलीत इस्त्री लावली की पडतो. इस्त्रीचाच दोष असेल असे समजून मी ती शेजाऱ्यांकडे चालवून पाहिली, तिथे ती व्यवस्थित चालली. शेवटी गीझरचा १६ अँपिअरचा प्लगच सॉकेटमधून काढून ठेवला, तेव्हा तीन दिवस काही झाले नाही. प्लग परत खोचला, बटण बंदच ठेवले, इस्त्री लावली आणि ईएलसीबी पुन्हा पडला. बटण बंद असताना गीझरचा संबंध येतोच कसा, हे मला उमगलेले नाही.

तिसरी गोष्ट सेफ्टी व्हॉल्व्हची. पाणी तापत असताना त्याच्या बारीक नळीतून थेंब पडतात आणि दिवा विझल्यावर थोड्या वेळाने थांबतात. प्लग काढण्याआधी एकदा खाली पेला ठेवून मोजले, तेव्हा एका तापवणीत शंभर-सव्वाशे मिलिलिटर पाणी जमले.

पहिल्या मेकॅनिकच्या मते ईएलसीबी फार नाजूक आहे, तो काढून तारा थेट जोडल्या की त्रास संपेल, आणि व्हॉल्व्हच्या नळीला बूच मारले की गळतीही थांबेल. दुसऱ्याने कव्हरही न उघडता टाकी गेली असे सांगून नवा गीझर घ्यायला सुचवले. माझ्या भावाकडे सदाशिव पेठेत याच बनावटीचा गीझर दहा वर्षांहून अधिक काळ तक्रारीशिवाय चालू आहे, मात्र त्याच्याकडे खडकवासल्याचे पाणी येते. आमचा भाग २०२१ मध्ये महापालिकेत आला असला, तरी सोसायटीची टाकी आजही बोअर आणि टँकरच्या पाण्यानेच भरते. नळांच्या जाळ्यांवर पांढरा थर सतत धरतो. हे सारे क्षारांमुळेच होत असेल का, आणि टाकी शाबूत असेल तर केवळ कॉइल बदलणे पुरेसे ठरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

मी अनेक वर्षे विद्युत देखभालीच्या कामात होतो, म्हणून आधी सर्वांत महत्त्वाचे सांगतो. ईएलसीबी काढू नका आणि व्हॉल्व्हला बूच मारू नका. निदान होईपर्यंत प्लग बाहेरच राहू द्या आणि आईंना पाणी चुलीवर तापवून द्या.

तुम्ही ज्याला ईएलसीबी म्हणता तो आजच्या घरांत बहुधा आरसीसीबी असतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो, आणि त्यांत फरक पडला की वीज तोडतो. घरगुती आरसीसीबीची मर्यादा सहसा ३० मिलीअँपिअर असते. आता तुमचे कोडे पाहू. भिंतीवरचे बटण फक्त फेज तोडते, न्यूट्रल गीझरला जोडलेलाच राहतो. कॉइलचे धातूचे कवच चिरले की आतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत पाणी शिरते आणि तारेचा कवचाशी, म्हणजेच अर्थिंगशी संबंध येतो. मग इस्त्रीसारखे मोठे उपकरण चालू झाले की न्यूट्रलमधून परतणाऱ्या प्रवाहाचा थोडा भाग गीझरमार्गे अर्थिंगमध्ये उतरतो. तेवढा फरक आरसीसीबीला पुरतो. प्लग काढला की ही वाटच बंद होते. प्लग काढून-लावून तुम्ही जी चाचणी केलीत तिने निम्मे निदान झाले आहे, आणि आरसीसीबी नाजूक नसून आपले काम चोख करतो आहे.

खात्री करण्यासाठी कॉइलच्या तारा सोडवून, तिचे टोक आणि कवच यांच्यामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजायला सांगा. किमान एक-दोन मेगओहम तरी मिळायला हवेत. साध्या टेस्टरने हे कळत नाही.

लवकर विझणाऱ्या दिव्याचे कारणही तेच क्षार असावेत. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटला साधारण ३५ मिनिटे लागतात, पंधरा मिनिटांत ते सतराएक अंशांनीच तापते. कॉइल आणि थर्मोस्टॅटची नळी एकाच थराखाली गाडली गेली की थर्मोस्टॅटला पाण्याऐवजी कॉइलची उष्णता जाणवते आणि तो वेळेआधीच वीज तोडतो. तडतड आवाज थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होण्याचा आहे.

व्हॉल्व्हचे थेंब मात्र दोष नव्हेत. तापलेले पाणी फुगते आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून तेवढे पाणी सेफ्टी व्हॉल्व्ह बाहेर सोडतो. तुमचे पाणी कोमटच होत होते, त्या मानाने सव्वाशे मिलिलिटर बरोबर आहे. ६० अंशांपर्यंत तापले तर पावणेचारशेच्या आसपास निघेल. दिवा विझून पाणी निवल्यावरही थेंब चालूच राहिले, तर तो व्हॉल्व्ह बदलावा.

टाकीचा निकाल खालचे कव्हर उघडल्यावर लागेल. जोडांवर ओल असणे वेगळे आणि टाकीच्या पत्र्यातूनच पाणी झिरपणे वेगळे. पत्रा शाबूत असेल तर कॉइल, गास्केट आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड एकदमच बदलून घ्या. काम झाल्यावर गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत वीज देऊ नका, कारण कोरड्या टाकीत नवी कॉइल काही मिनिटांत जळते.

मूळ धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. काल तिसऱ्या मेकॅनिकला बोलावले आणि त्याच्याजवळ मेगर आहे का हे फोनवरच विचारून घेतले. काटा शून्याजवळच राहिला. कॉइल ओढून काढायला त्याला बरीच खटपट करावी लागली, कारण ती चुन्याच्या राखाडी पापुद्र्यांत रुतून बसली होती. टाकीतून तीन-चार ओंजळी खडे निघाले. कॉइल पुसल्यावर वळणापाशी केसाएवढी चीर दिसली, आणि अॅनोड रॉडची तर मधली तार तेवढी उरली होती. टाकीचा पत्रा आतून-बाहेरून कोरडा आणि शाबूत आहे. नवी कॉइल आणि रॉड बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आधीच आणून ठेवले होते, गास्केट त्यानेच आणले.

आज सकाळी दिवा ३७ मिनिटांनी विझला, पाणी कढत आले आणि त्याच वेळी मुद्दाम लावलेली इस्त्रीही चालू राहिली. थर्मोस्टॅट ५५ अंशांवर ठेवला आहे. टाकी दर सहा महिन्यांनी धुऊन काढायची असे ठरवून कव्हरवर तारीख लिहिली आहे. दुसऱ्या न्हाणीघरातला गीझर याच वर्षी घेतलेला आहे, तेव्हा त्याचा दिवा किती मिनिटांनी विझतो हे उद्या घड्याळ लावून पाहणार आहे.