‘आशीर्वाद मोज’ म्हणजे नेमकं काय मोजायचं?

ओलीशाई
एका वाक्यावर दोन दिवस अडले आहे. मावशीची मोठी शस्त्रक्रिया व्हायची आहे. तिच्या एका मैत्रिणीने धीर देणारं पत्र इंग्रजीत पाठवलं. मावशीला ते मराठीत हवं होतं, म्हणून मी बसले. सगळं झालं, शेवटची ओळ राहिली. आशय असा की काळजी करत बसू नकोस, देवावर विश्वास ठेव आणि ‘काउंट युवर ब्लेसिंग्ज’. मी लिहिलं, ‘तुला मिळालेले आशीर्वाद मोज.’ मावशीने चष्मा चढवला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘आशीर्वाद कसे गं मोजायचे? कुणी दिलेले?’

तिचं बरोबर आहे. आशीर्वाद हा तोंडाने द्यायचा असतो. तो फळला आणि पदरात काही पडलं, तर त्या पडलेल्याला आपण आशीर्वाद म्हणत नाही. मग काय म्हणतो?

जुनंपान
उपकार. बायबलच्या मराठी भाषांतरात 103 व्या स्तोत्रात हाच शब्द आहे, देवाचे उपकार विसरू नको अशा अर्थाने. ‘देवाचे उपकार आठव’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

तिरकामात्रा
उपकार नको हो. आजारी माणसाला तर नकोच. माझ्या शिक्षणाचा एका वर्षाचा खर्च एका नातेवाइकांनी केला होता. पुढे कितीतरी वर्षं घरात काही बिनसलं की ते वर्ष बाहेर निघायचं. ‘उपकाराचं ओझं’, ‘उपकार केलेस का माझ्यावर?’ ही आपली रोजची भाषा आहे. उपकार म्हटलं की मला मान खाली गेल्यासारखं वाटतं. मावशींनी मान वर करावी म्हणून पत्र लिहिताय ना?

‘देणं’ म्हणा. ‘देवाचं देणं’. आवाज चांगला असला तरी आपण म्हणतोच, देवाची देणगी आहे.

जुनंपान
आणि देणेकरी कुणाला म्हणतात? ज्याच्यावर कर्ज आहे त्याला. ‘देणं फिटलं’ म्हणजे कर्ज फिटलं. एका ओझ्यातून काढून दुसऱ्यात टाकलंत.

उपकार म्हणजे उप + कृ, जवळ जाऊन करणं. शब्दात ओझं कुठेच नाही, ते करून ऐकवणाऱ्यांनी घातलंय. माणसं वाईट वागली म्हणून चांगला शब्द टाकायचा का? हा माझा जुना राग आहे. असे किती शब्द आपण हातचे घालवले.

तिरकामात्रा
शब्द कोशात राहत नाही, कानात राहतो. माझ्या कानात तो तसा आहे, आणि असे कान पुष्कळ असणार.

सावकाशवाचक
दोघांनाही एक सुचवतो. ‘कृतज्ञ’ फोडून बघा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. जे केलं गेलं ते ज्याला माहीत आहे तो कृतज्ञ. यात ‘थँक्यू’ म्हणणं नाही, परतफेड नाही, ओझं तर नाहीच. फक्त जाणणं आहे. आणि कृतघ्न म्हणजे केलेलं मारून टाकणारा. म्हणजे विसरणं हे आपल्या भाषेने मारण्याच्या रांगेत बसवलंय. हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ नुसता बसून होतो.

ओलीशाईंच्या ओळीला हवं ते यातच आहे, मागचं जाणणं. पण ‘कृतज्ञ राहा’ हे आता भाषणातलं वाक्य झालंय, हेही खरं.

ओलीशाई
सावकाशवाचक, हे फार आवडलं. पण मावशी ‘कृतज्ञ राहा’ वाचून कागद बाजूला ठेवेल. तिला बोलीतलं हवं.

अडीचअक्षरं
माझा प्रश्न त्या ओळीच्या पहिल्या अर्ध्याबद्दल आहे. ‘काळजी करू नकोस’ असं लिहिलंत की ‘चिंता करू नकोस’? पेत्राच्या पहिल्या पत्रात (5:7) आपली सर्व चिंता देवावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो, असं आहे. इंग्रजीत दोन्हीकडे ‘केअर’ घालता येतं. मराठीने दोन शब्द वापरले आणि काम सोपं केलं. चिंता आपली, काळजी त्याची.

आणि काळजी ‘करणं’ वेगळं, काळजी ‘घेणं’ वेगळं. करणारा जागेवर बसून झिजतो, घेणारा उठून पांघरूण घालतो. एका क्रियापदाने इतका फरक पडणारी दुसरी जागा मला पटकन आठवत नाही.

नवानिब
आमच्या वयाचे सगळे ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणतात. तिथे ‘घेणं’ वाईट. काळजी घ्यायची, टेन्शन नाही घ्यायचं. मी आजीला हेच म्हणतो आणि तिला ते बरोबर पोचतं. पत्रात हेच घाला.

जुनंपान
ऑपरेशनला निघालेल्या बाईला देवाबद्दल लिहिताना टेन्शन? कृपा करून नको.

नवानिब
काका, तुम्ही वरच्याच एका धाग्यात ‘फिकीर नाही’ लिहिलंय. फिकीर अरबी. ती घरची कशी झाली? चारशे वर्षं राहिली म्हणून? मग टेन्शनलाही राहू द्या की.

जुनंपान
राहू दे. पण चारशे वर्षं होऊ देत. फिकीर जिभेवर घासून गोल झाली आहे, टेन्शनचे कोपरे अजून टोचतात. हे मी मनापासून सांगतोय, तुला गप्प करायला नाही.

सावकाशवाचक
फिकीरीचा विषय निघालाच आहे तर: अरबीत ‘फिक्र’ म्हणजे मुळात विचार. संस्कृतात ‘चिन्त्’ म्हणजेही विचार करणं. दोन वेगळ्या घराण्यांच्या भाषा, आणि दोन्हीकडे विचाराची घसरून काळजी झाली. चिंता आणि चिंतन एकाच धातूचे. गीतेत (9.22) ‘अनन्याश्चिन्तयन्तो मां’ म्हटलंय, तिथे चिंतन करणाऱ्यांचा योगक्षेम मी वाहतो असं वचन आहे. शंकराचार्यांचा अर्थ असा: योग म्हणजे नसलेलं मिळणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. मावशींना भीती दोन्हींची असेल. जे आहे ते जाईल का, आणि जे हवं ते मिळेल का.

मला यातून एवढंच दिसतं की मन तेच दळतं, फक्त जात्यात काय घालाल ते पाहायचं. पुढचं घातलं की चिंता, त्याचं घातलं की चिंतन.

अडीचअक्षरं
‘मना सर्वथा शोक चिंता नको रे’ यात समर्थांनी दोन शब्द का घेतले असतील? मला वाटतं शोक मागचा, चिंता पुढची. पण मग मागचं आठवायला सांगणं धोक्याचं नाही का? आजारी माणूस मागे वळला की त्याला गेलेलंच आधी दिसतं. माझ्या वडिलांचं तसंच झालं होतं. आम्ही म्हणायचो चांगलं आठवा, आणि ते गेलेल्या माणसांची नावं घ्यायचे.

पानगळ
मी इथे फारसं लिहीत नाही, पण अडीचअक्षरं यांचं वाचून राहवलं नाही. माझी आई या बाबतीत एकच शब्द वापरायची: ‘निभावलं’. रात्री झोप लागली नाही की उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायची. करंगळीपासून सुरुवात. एकेक पेर म्हणजे एकेक प्रसंग. मी बाजूला पडल्या पडल्या ऐकायचे: ‘तुझ्या वेळचं बाळंतपण, निभावलं. थोरल्याचा ताप, निभावलं. ह्यांची नोकरी गेली ते वर्ष, निभावलं.’ त्यात दुःखाची पेरंही असायची, तीही ती गाळायची नाही. बारा पेरं झाली की परत करंगळी. कधी कधी दुसऱ्या फेरीतच घोरायला लागायची.

ती मोजायची तो आशीर्वाद नव्हता आणि उपकारही नव्हता. काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. ‘कुणी निभावलं’ हे ती कधी बोलली नाही, पण तोंड देवाच्या फोटोकडे असायचं.

ओलीशाई
पानगळताई, हे वाचून डोळे भरले. मावशीला आज हेच वाचून दाखवते.

सावकाशवाचक
‘निभाव’ हे ‘निर्वाह’चंच रूप. निर् + वह्, शेवटपर्यंत वाहून नेणं. आणि वर गीतेत ‘मी वाहतो’ म्हटलंय, तिथला मूळ शब्द ‘वहाम्यहम्’. धातू तोच, वह्. पानगळ यांच्या आईंना कर्ता सांगायची गरज नव्हती, तो क्रियापदात होता.

तिरकामात्रा
सुंदर. पण एक टोचतं. निभावलं, निभावेल असं म्हणत माणसं तपासण्या पुढे ढकलतात, हेही पाहिलंय. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण उगाच झाली का? ‘रामभरोसे’ शब्दाचं काय झालं बघा. रामावर भरोसा, आणि अर्थ काय तर कुणाचंच लक्ष नाही! विश्वासाचे शब्द आपल्याकडे निष्काळजीपणाकडे का घसरतात?

जुनंपान
भरोसा हिंदी. मराठीत भरवसा.

अडीचअक्षरं
तिरकामात्रा, तुकोबांच्या ‘जेथे जातो तेथे तू माझा सांगाती’मध्ये पुढे ‘चालो वाटे आम्ही’ आहे. चालतोय तो, खाटल्यावर नाही. ‘चालविसी भार सवे माझा’, म्हणजे भार त्याच्याकडे आणि पाय आपले. मावशीही शस्त्रक्रियेला निघाल्याच आहेत की.

नवानिब
आमच्याकडे ‘देवावर हवाला ठेवून’ म्हणतात. हवाला म्हणजे तो पैशांचाच ना? मग ‘हवालदिल’ म्हणजे ज्याचं दिल अजून कुणाच्या हवाली झालेलं नाही तो, असं असेल का?

सावकाशवाचक
कल्पना फार गोड आहे, पण दोन वेगळे शब्द आहेत. हवाला अरबीतून आला. मूळ अर्थ एकाकडचं दुसऱ्याकडे सोपवणं. पैशांचा हवाला, हवाली करणं, हवालदार, सगळे त्याच घरचे. हवालदिलमधला पहिला भाग ‘हौल’, म्हणजे धडकी. अरबीत दोन्हींचा ‘ह’ सुद्धा वेगळा लिहितात. मराठीत येऊन ते शेजारी बसले.

नवानिब
शेजारी बसले तर आता आपल्यासाठी नातं झालंच की. मी तर तसंच लक्षात ठेवणार.

जुनंपान
ठेव. पण परीक्षेत लिहू नकोस.

तिरकामात्रा
विश्वास शब्दात श्वास आहे, वि + श्वस्. मोकळा श्वास घेता येणं. हे मी स्वतः खूप उशिरा पाहिलं. मावशींच्या पत्रात ‘विश्वास ठेव’ तसंच राहू द्या, त्याला हात लावू नका.

ओलीशाई
काल रात्री वाचून दाखवलं. पेरांपाशी मावशीने थांबवलं आणि आपला हात चादरीवर उलटा ठेवला. सलाइनच्या सुईमुळे तिला अंगठा नीट वळवता येत नव्हता, म्हणून तिची पेरं मी मोजली आणि ती नुसतं बोलत गेली. शेवटची ओळ अजून कोरीच आहे. उद्या सकाळी सहाला नेणार आहेत.

जुनंपान
कळवा, वाट पाहतोय.

अडीचअक्षरं
आम्ही सगळेच. आणि सावकाशवाचक, ‘काळजी’ खरंच ‘काळीज’वरून आली का? माझ्या आजोळी सगळे तसंच सांगायचे.